चोवीस वेळा 'बेटर'

"मॅडम, ये तारा किसलिए है?"

विमा कंपनीचे वकील त्यागी यांनी ते पिवळं कार्ड दोन बोटांत धरून वर उचललं. आमटीत सापडलेला केस आपण उचलतो तसं. कार्ड माझ्या क्लिनिकचं होतं. अक्षर माझं होतं. कोपऱ्यात लाल पेनाने काढलेला ताराही माझाच होता.

मी दिल्लीतल्या कडकडडूमाच्या कोर्टात साक्षीदार म्हणून उभी होते. वय त्रेपन्न, व्यवसाय फिजिओथेरपी, कोर्टाचा अनुभव शून्य. निघताना इस्त्रीची साडी नेसले होते आणि पर्समध्ये डिग्रीच्या तीन झेरॉक्स घेतल्या होत्या. डिग्रीबद्दल कोणी काही विचारलं नाही. थेट ताऱ्याबद्दल विचारलं.

"शाबाशी के लिए," मी म्हणाले.

जज मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. साक्षीदार हिंदीत बोलतो, जज ते इंग्रजीत सांगतात आणि शेजारी बसलेला स्टेनो टाइप करतो, अशी तिथली पद्धत. मॅडम क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "फॉर एन्करेजमेंट." स्टेनोने टाइप केलं. अशा रीतीने माझा तारा सरकारदरबारी रुजू झाला.

"और हर तारीख के आगे क्या लिखा है?"

"बेटर."

"कितनी बार?"

मला आकडा माहीत नव्हता. त्यांना होता. चोवीस. नसीम बागवान माझ्याकडे चोवीस वेळा आली आणि चोवीसही वेळा मी तिच्या कार्डावर 'बेटर' लिहिलं.

"पहले दिन से ही बेटर," त्यागी म्हणाले. "तो पाँच महीने इलाज किस चीज का चला?"

मागच्या बाकावर नसीम बसली होती. तिच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

आता हे तिथपर्यंत कसं पोचलं ते सांगते.

माझं क्लिनिक म्हणजे गाझियाबादला आमच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटची पुढची खोली. बिल्डरच्या नकाशात ती ड्रॉइंग रूम आहे. तिथे दोन पलंग, शेक द्यायचं मशीन, भिंतीवर मणक्याचं चित्र आणि मागे एक पडदा. पडद्यापलीकडे आमचा संसार. माझे जुने पेशंट कुकरच्या शिट्ट्या मोजून व्यायाम करतात. तीन शिट्ट्या झाल्या की बाजू बदलायची.

नसीम मूळची मिरजेची. तिचा नवरा रफीक केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. नसीम एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. अठरा वर्षं मायक्रोस्कोपमध्ये बघून पेशी मोजायचं काम. आपण रक्त देऊन येतो आणि रिपोर्टची वाट बघतो ना, त्या रिपोर्टामागे अशी एखादी नसीम मान वाकवून बसलेली असते.

एका रविवारी ती आणि रफीक लक्ष्मीनगरकडून घरी येत होते. लाल सिग्नलला त्यांची छोटी गाडी उभी होती. मागून एक मोठी गाडी आली आणि थांबायचं विसरली. बंपर चेपला, डिकीचं झाकण वाकडं झालं. काच फुटली नाही, रक्ताचा थेंब नाही. पोलीस आला, दोन्ही गाड्यांचे नंबर लिहून घेतले आणि नसीमला विचारलं, चोट तो नहीं लगी? नसीम म्हणाली, नहीं जी, ठीक हूँ.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उशीवरून डोकं उचलता येईना. शेवटी दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरून ती उठून बसली. मग रफीकने हॉस्पिटल, एक्स-रे, पोलीस ठाणं असं सगळं केलं.

याला व्हिपलॅश म्हणतात. मेट्रो झटक्याने सुटली की उभ्या माणसाचे पाय पुढे जातात आणि डोकं मागे राहतं, तसाच प्रकार. मागून धक्का बसला की सीट पाठीला पुढे ढकलते. डोकं आधी जागेवरच राहतं आणि मग चाबकाच्या टोकासारखं पुढे फेकलं जातं. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं संपतं. हाड मोडत नाही. मानेचे स्नायू आणि मणक्यांना बांधून ठेवणारे पट्टे ताणले जातात. सूज हळूहळू चढते, म्हणून दुखणं पुष्कळदा दुसऱ्या दिवशी उगवतं. एक्स-रेवर ते सहसा दिसत नाही आणि पेशंटची खरी पंचाईत तिथेच होते. मोडलेला पाय अख्ख्या बिल्डिंगला दाखवता येतो. आखडलेली मान घेऊन माणूस फिरला की लोकांना वाटतं, हा आपल्यावर रागावलाय.

सहाव्या दिवशी नसीम माझ्याकडे आली. मी विचारलं, कशी आहेस? म्हणाली, बरं आहे ताई. मी तिला मान उजवीकडे वळवायला सांगितली. वळली पंचवीस अंश. निरोगी मान ऐंशीच्या आसपास वळते. मागे कोण आलंय ते बघायला नसीमला अख्खं वळावं लागत होतं, कपाट सरकवल्यासारखं. तरी बरं आहे.

यात तिला काय बोलायचं? आपल्याला वाढवतातच तसं. माझे वडील ऑक्सिजनवर होते तेव्हा फोनवर मला म्हणाले होते, बरं आहे, तू उगीच दगदग करून येऊ नकोस. आमच्या गल्लीतल्या खुराना आंटी दारातूनच "मर गई जी मैं तो" म्हणत आत येतात, आणि त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्यापेक्षा चांगला आहे. त्यांची तक्रार मी निम्मी करते, मराठी पेशंटची दुप्पट. इतक्या वर्षांत हा हिशेब क्वचितच चुकलाय.

माझीही एक खोड आहे. मी शिकत होते तेव्हा आमचे सर सांगायचे, पेशंटच्या हातात जाणाऱ्या कागदावर निराशा लिहायची नाही. ते कार्ड घरी जातं. नवरा वाचतो, सासू वाचते. म्हणून मी कार्डावर रोज 'बेटर' लिहिते. कोणी फारच मेहनत केली तर लाल तारा. आमच्या सोसायटीतले सत्तरीचे रिटायर्ड कर्नल माझ्याशी ताऱ्यासाठी भांडलेले आहेत.

खरी मापं मी वेगळीकडे लिहिते. सांध्याचा कोन मोजायला गोनिओमीटर असतो. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब पट्ट्या जोडल्या की झाला गोनिओमीटर. मोजून झालं की मी पडद्यापलीकडे जाते. तिथे फ्रिजवर एक डायरी असते, औषध कंपनीवाले जानेवारीत फुकट देतात ती. तिच्यात दूध, गॅसचा नंबर, कामवालीच्या सुट्ट्या, आमच्या ह्यांची शुगर आणि पेशंटांचे अंश, असं सगळं एका पानावर गुण्यागोविंदाने नांदतं. क्लिनिकसाठी स्वतंत्र रजिस्टर करायचं दर वर्षी ठरतं. तोवर नवी डायरी येते.

नसीमच्या लॅबने दोन आठवडे वाट बघितली. मग बिनपगारी रजा. दहा मिनिटं मायक्रोस्कोपवर मान वाकवली की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. पाच महिने असे गेले. लॅबमधल्या मैत्रिणी आधी फोन करायच्या, नंतर नुसते मेसेज. एकीने लिहिलं, गाडीला एवढंसं लागलं आणि तुला एवढं कसं? जाऊबाईंनी मिरजेहून विचारलं, आराम चाललाय वाटतं.

अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकायला वेगळं न्यायाधिकरण असतं. ज्याच्या गाडीने धडक दिली त्याच्या विमा कंपनीकडून भरपाई मागायची. नसीमने उपचाराचा खर्च, गेलेला पगार आणि झालेला त्रास, असं तिन्ही मागितलं होतं. पुढेही काम कमी करावं लागेल म्हणून तिचे वकील अरोरा यांनी त्याचंही एक कलम घातलं होतं. विमा कंपनीचं म्हणणं सरळ होतं. अपघाताच्या जागी ही बाई स्वतः 'ठीक हूँ' म्हणाली. मान दुखत असेल तर ती अठरा वर्षांच्या मायक्रोस्कोपमुळे. आणि तिची स्वतःची फिजिओथेरपिस्टच पहिल्या दिवसापासून 'बेटर' लिहिते आहे. म्हणजे सगळं नाटक.

साक्षीच्या आदल्या आठवड्यात नसीम माझ्याकडे शेक घ्यायला आली होती. पालथी झोपलेली, तोंड पलंगाच्या भोकात. तिथूनच बोलली.

"ताई, पैसे कमी मिळाले तरी चालतील. पण कोर्टाच्या कागदावर मी खोटी असं यायला नको. अठरा वर्षं मी लोकांचे रिपोर्ट लिहितेय. एक आकडा मनाचा लिहिला नाही."

मी म्हणाले, काळजी करू नकोस, मी आहे ना. आणि मग मी जाऊन कोर्टात शाबाशीचा तारा समजावून सांगितला.

चोवीस 'बेटर' वाचून झाल्यावर त्यागी शांतपणे म्हणाले, "तो मॅडम, या तो आप कार्ड पर झूठ लिखती हैं, या आज यहाँ झूठ बोल रही हैं. कौन सा?"

माणूस वाईट नव्हता. बाहेर कॉरिडॉरमध्ये त्यांनीच मला बसायला खुर्ची दिली होती. आत आल्यावर खुर्ची काढून घेतली, एवढंच.

मी जज मॅडमकडे बघून म्हणाले, "कार्ड तो पेशंट को दिखाने के लिए होता है. असली नाप मैं अलग लिखती हूँ."

"कहाँ?" मॅडमनी विचारलं.

"घर की डायरी में."

अरोरांनी डोळे मिटून घेतले. या डायरीबद्दल मी त्यांना कधी काही बोलले नव्हते. ती दाखवण्यासारखी वस्तू आहे असं मला वाटलंच नव्हतं. मॅडमनी हुकूम केला, पुढच्या तारखेला डायरी हजर करा, मूळ.

घरी येऊन मी डायरी घेऊन बसले. आधी बरं वाटलं. नसीमचे आकडे सगळे होते. पंचवीस, सव्वीस, सव्वीस, एकोणतीस. वर चढत होते, पण मुंगीच्या पावलांनी. मग एका पानावर येऊन थांबले. त्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "नसीम खोटं बोलते."

पुढे आणखी मजकूर होता आणि तो वाचला की अर्थ कळत होता. पण त्यागींना पुढचा मजकूर कशाला हवा असेल? त्यांना तीन शब्द पुरेसे होते. आणि नसीमला नेमक्या त्याच शब्दाची धास्ती होती.

त्या रविवारी दुपारी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून एक नवं रजिस्टर आणलं. जेवणाचं टेबल पुसलं आणि नसीमचे आकडे सुवाच्य अक्षरात उतरवायला घेतले. नुसते आकडे. आमचे हे सरकारी लेखा खात्यात आहेत. त्यांनी मागून डोकावून बघितलं आणि म्हणाले, "फेअर कॉपी नेहमी बरी दिसते." त्यांच्या या सल्ल्यामागे स्वार्थ होता, तो पुढे कळेल.

तीन पानं झाली. मग माझ्या लक्षात आलं की सगळं एकाच पेनाने लिहिलंय. मी उठून आणखी दोन पेनं आणली, एक काळं, एक फिक्या निळ्या शाईचं, आणि आलटूनपालटून लिहायला लागले. आमची मुक्ता कॉलेजला आहे. ती समोर बसून पोहे खात होती. तिने थोडा वेळ बघितलं.

"आई, तू पेन का बदलतेयस?"

"रोज वेगळ्या पेनाने लिहिलं असणार ना मी."

"अच्छा. मग ते लिहिलंयस ना ऑलरेडी? त्या डायरीत?" तिने चमचा खाली ठेवला. "आई, याला फोर्जरी म्हणतात यार."

मुक्ताचं मराठी दिल्लीत वाढलेलं आहे. अर्धे शब्द तिला येत नाहीत. त्या दिवशी नेमका हवा तो शब्द तिला आला. मी रजिस्टर मिटलं. खरं सांगायचं तर लाज नंतर वाटली. आधी भीती वाटली की आपण हे किती सहज करत होतो. तीन पानं, तीन पेनं, आणि मनात विचार काय, तर शाईचा रंग जुना दिसेल का.

मी अरोरांना फोन करून त्या पानाचं सांगितलं. ते म्हणाले, "ओरिजिनल ही लाइए. पूछेंगे तो पूरा पढिएगा. आधे पे मत रुकना, चाहे कोई रोके."

नसीमलाही सांगितलं. तिच्यापासून लपवून तिच्याच केसमध्ये ते पान वाचणं मला जमलं नसतं. ती पलीकडून म्हणाली, "कोणत्या दिवशीचं आहे?" मी तारीख सांगितली. ती म्हणाली, "हं. त्या दिवशी मी बोललेच होते खोटं." आणि फोन ठेवला.

पुढच्या तारखेला आमचे हे रजा टाकून माझ्याबरोबर आले. आधार म्हणून. रफीक आणि नसीमच्या शेजारी बसले.

त्यागींनी डायरी हातात घेतली आणि पहिल्याच पानावर अडकले. अक्षर देवनागरी, म्हणून त्यांना वाचता येत होतं. भाषा मराठी, म्हणून अर्धंच कळत होतं. दूध कळलं, गॅस कळला.

"ये मेडिकल रेकॉर्ड है?"

"मेडिकल भी है," मी म्हणाले.

मागे कोणीतरी हसलं. त्यागी म्हणाले, हे आकडे नंतर घुसडलेले आहेत, घरच्या डायरीत कोणीही कधीही काहीही लिहू शकतं. जज मॅडमनी हात पुढे केला. डायरी वर गेली. त्या एकेक पान उलटत राहिल्या. एका पानावर हळदीचा डाग होता आणि त्यात नसीमचा आकडा पसरला होता. दुसऱ्या एका पानावर तिचा आकडा आधी होता आणि त्याला वळसा घालून मी वाण्याची यादी लिहिली होती. मॅडमनी तिथे बोट ठेवून विचारलं, "ये लिस्ट नंबर के चारों तरफ क्यों घूम रही है?"

"जगह नहीं बची थी, मॅडम. नंबर पहले से था."

त्यांनी मान डोलावली आणि डायरी खाली दिली. मला वाटलं, सुटलो. पण त्यागी मुरलेले वकील. ते पानं उलटत गेले आणि नसीमचं नाव असलेल्या पण जास्त मजकूर असलेल्या पानावर थांबले.

"यहाँ कुछ और भी लिखा है. पढिए. और कोर्ट को हिंदी में बताइए."

मी शपथ घेतलेली होती. पान ओळखीचं होतं.

"लिखा है," मी म्हणाले, "नसीम झूठ बोलती है."

मागे बाकाचा आवाज झाला. रफीक उठून उभा राहिला होता. नसीमने त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं. त्यागी लगेच जज मॅडमकडे वळले. "बस, यही रिकॉर्ड पर आ जाए."

मी म्हणाले, "लाइन पूरी नहीं हुई है."

"जितना पूछा उतना बता दिया आपने."

अरोरा उठले होते, पण त्यांच्या आधी मॅडम बोलल्या. "मैंने पूरा पन्ना नहीं सुना. आप पूरा पढिए."

मी वाचलं. मराठीत आधी, मग हिंदीत. "नसीम खोटं बोलते. विचारलं की बरं आहे म्हणते. परवा चौतीस होती, आज अठ्ठावीस. खोदून विचारलं तेव्हा कबूल केलं. काल कोणाला न सांगता लॅबला गेली आणि चार तास बसली. दोन वेळा चक्कर. घरी सांगू नका म्हणाली."

मी थांबले.

"आगे?" मॅडम म्हणाल्या. "नीचे दो लाइनें और हैं."

"मॅडम, वो घर का है."

"पूरा."

"दूध दोन पाकिटं जास्त. ह्यांनी गुलाबजाम दोन खाल्ले, मला सांगितला एक."

मी हिंदीत सांगितलं. स्टेनो टाइप करता करता थांबला आणि मान वर करून मागच्या बाकावर कोण आहे ते शोधायला लागला. त्याला फार शोधावं लागलं नाही. आमचे हे छताकडे बघत होते. त्यागीसुद्धा हसले, ते मी स्वतः बघितलं.

मग मॅडमनी एकच प्रश्न विचारला. चौतीसवरून अठ्ठावीस का झालं? मी सांगितलं, सुजलेल्या मानेला चार तास वाकवून ठेवलं की ती परत आखडते. आठवड्याची मेहनत एका दिवसात जाते. त्यांनी स्टेनोला इंग्रजीत सांगितलं ते मला नीट ऐकू आलं. साक्षीदाराच्या म्हणण्यानुसार पेशंट त्रास लपवत होती आणि कामावर परत जायचा प्रयत्न करत होती.

त्यागींचा एक प्रश्न उरला होता. "अठारह साल माइक्रोस्कोप में झाँकने से गर्दन खराब होती है या नहीं?"

"होती है."

"तो इनके दर्द में उसका हिस्सा होगा?"

इथे मला 'अजिबात नाही' म्हणता आलं असतं. अरोरा माझ्याकडे तसंच बघत होते. पण समोर ती हळदीची डायरी उघडी पडलेली होती.

"थोडा होगा," मी म्हणाले. "लेकिन उससे झुकने में दर्द होता है. इनकी गर्दन तो मुड़ती ही नहीं थी. और हादसे के एक दिन पहले तक ये पूरा दिन काम कर रही थीं."

अरोरांनी दुसऱ्यांदा डोळे मिटले.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आमचे हे मला म्हणाले, "दोन नव्हते. दीड होता." रफीक म्हणाला, "भाऊसाहेब, आता रेकॉर्डवर दोनच राहणार." नसीमने माझा हात धरला आणि कॅन्टीनपर्यंत सोडला नाही. चालताना ती माझ्या उजव्या बाजूने आली. उजवीकडे वळून बोलायला तिला अजून जड जात होतं.

निकाल काही महिन्यांनी लागला. उपचाराचा खर्च मिळाला. पाच महिन्यांच्या पगारातला थोडा भाग मायक्रोस्कोपच्या नावाने कापला गेला, म्हणजे माझ्या 'थोडा होगा'मुळे. बाकीचा मिळाला. त्रासाबद्दल वेगळं मिळालं. पुढच्या कमाईचं कलम मात्र मान्य झालं नाही, कारण सरकारी हॉस्पिटलच्या बोर्डाने कायमचं अपंगत्व नाही म्हटलं होतं. ते खरंच होतं. मागितलं त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त हातात आलं. अरोरांच्या मते चांगला निकाल. रफीकने निकालाचं एकच पान झेरॉक्स करून मिरजेला पाठवलं. त्यात लिहिलं होतं की अर्जदाराने आपला त्रास वाढवून सांगितल्याचं दिसत नाही, उलट कमी करून सांगितल्याचं दिसतं. जाऊबाईंचा त्यावर फोन आला नाही.

मी आता कार्डावर अंश लिहिते. घरचे वाचतात तर वाचू देत. 'बेटर' बंद, तारेही बंद. कर्नलसाहेब नाराज आहेत. क्लिनिकचं रजिस्टर वेगळं केलंय, तीन पानं फाडलेलं. घरच्या डायरीत आता दूध, गॅस आणि गुलाबजाम. धडा एवढाच की पेशंटला धीर द्यायचा तर तोंडाने द्यावा, लिहून देऊ नये.

नसीम लॅबला परत जाते. अर्धा दिवस. मायक्रोस्कोपखाली तिने दोन जाडजूड जुनी रजिस्टरं ठेवलीत, म्हणजे मान कमी वाकते. महिन्यातून एकदा माझ्याकडे तपासायला येते. परवा आली तेव्हा मी सवयीने विचारलं, कशी आहेस?

तिने तोंड उघडलं, मिटलं आणि स्वतःच मान उजवीकडे वळवून बघितली.

"बासष्ट असेल, ताई. संध्याकाळी कमी होतं. रात्री कूस बदलताना दुखतं."

मी गोनिओमीटर लावला. साठ होते. कार्डावर साठ लिहिलं.